पहिल्या बादलीचा वास

माझा उजवा हात मोरीच्या पाइपात कोपरापर्यंत होता आणि शिवलिंगअप्पा पायरीवर उभं राहून विचारत होते, "सुटलं का, मिस्त्री?"

"न्हाय अप्पा. दगडागत बसलंय."

"वरनं पाणी सोडू का?"

"पाणी कुठंय सोडायला?"

सत्त्याऐंशीचा उन्हाळा होता. उमरग्यात आमच्या भागात नळाला पाच दिवसांनी एकदा पाणी यायचं, तेही पाऊण तास. अप्पांच्या आवारातली विहीर संक्रांतीलाच तळाला गेली होती. हैदराबाद रस्त्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं हे आवार. पुढं अप्पांचं स्वतःचं घर, मागं एका ओळीत सहा बिऱ्हाडं भाड्यानं दिलेली. सहा घरांत मिळून एक नळ, एक संडास आणि एक गटार.

लोकांना वाटतं, दुष्काळात मोऱ्या तुंबत नसतील, कारण पाणीच नसतं. खरं तर उलटं आहे. पाणी नसलं की बायका भांडी राखेनं नुसती पुसून घेतात आणि वर दोन तांबे पाणी फिरवतात. ती राख पाइपात जाते आणि तिला पुढं ढकलायला पाणी नसतं. राख, केस, चहाचा चोथा असं सगळं थरावर थर बसतं. महिन्याभरात त्याचं सिमेंट होतं. त्या वर्षी मी जेवढ्या मोऱ्या काढल्या, तेवढ्या भर पावसाळ्यात कधी काढल्या नाहीत.

एक गोष्ट आधीच सांगतो. मोरीत हात घालायचं काम मला आवडत नसे. माझे वडील छप्पन साली बौद्ध झाले, तेव्हापासून गावानं आमच्या माणसांवर टाकलेली घाणीची कामं त्यांनी सोडली आणि आम्हा भावांनाही करू दिली नाहीत. मी एका सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत सोलापूरच्या एका जुन्या फिटरच्या हाताखाली पाइपाचं काम शिकलो. थ्रेड पाडायचे, सॉकेट आवळायचे, प्रेशर बघायचं. मी फिटर होतो. पण दुष्काळात नवे नळ कोण घेणार? म्हणून मोऱ्या घ्याव्या लागल्या. त्या मी घेत असे, पण हात लवकर बाहेर काढायची घाई असे. पुढं जे झालं त्यात या घाईचा वाटा आहे.

मोरी मोकळी झाली. तरी तुंबलेलं पाणी हलेना. म्हणजे अडकलेलं पुढं, गटारात होतं. गटार सहाही घरांच्या पुढून गेलेलं, वर शहाबादी फरश्या. संडासाच्या टाकीचं वरचं पाणी त्याच गटारात येत होतं. फरश्या उचलल्या. खाली हातभर काळा गाळ उभा होता. हातानं उपसत बसलो असतो तर दुपार गेली असती. मी पहार घेतली.

चौथ्या-पाचव्या घावाला आवाज बदलला. राखेचा थर फुटतो तेव्हा भद्द असा आवाज येतो. हा वेगळा होता. मला तिथंच कळलं. गाळात बोटं घालून बघितलं, तर गटाराच्या तळाशी लोखंडी पाइप आणि त्याला बोटाएवढी लांब फट. नळाची लाइन गटारातून नेलेली होती. कुणीतरी जुन्या काळी चर खणायचं काम वाचवलं होतं. पाइप गंजून पापुद्रे सुटलेला, हे खरं. पण फट माझ्या पहारेची होती.

त्या दिवशी लाइनीत पाणी नव्हतं. असतं तर कारंजं उडालं असतं, सगळ्या आवारानं बघितलं असतं आणि लाइन त्याच दिवशी बदलावी लागली असती.

"काय झालं?" अप्पांनी विचारलं.

"नळाची लाइन फुटलीय. लई गंजलीय, अप्पा."

दोन्ही वाक्यं खरी होती. मधलं एक वाक्य मी गाळलं.

मी त्यांना सांगितलं, ही लाइन इथून तोडून बंद करायची आणि नवी लाइन भिंतीच्या कडेनं, जमिनीच्या वरून आणायची. दोन दिवसांचं काम. अप्पांनी गटारात वाकून बघितलं. ते वाईट माणूस नव्हते. भाडेकऱ्यांच्या अडीनडीला उभं राहणारे होते.

"उद्या सकाळी पाणी यायची पाळी हाय," ते म्हणाले. "आज लाइन तोडलीस तर उद्याचं पाणी हुकतंय. मग पाच दिवस सहा बिऱ्हाडांनी काय करायचं? हीर आटलीय. टँकर या गल्लीत शिरत न्हाय."

"ते बी खरंच हाय."

"मग आता बांधून दे. आठ दिवसांनी निवांत नवी टाकू."

मी बांधून दिलं. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या, फटीवर सफेदा, म्हणजे सांधे बुजवायची पांढरी लुगदी, भरला, वरून पट्टी गुंडाळली आणि तारेनं आवळली. लोखंडी क्लॅम्प बसवायला हवा होता. तो माझ्या पेटीत नव्हता. दुसऱ्या दिवशी पाणी आलं तेव्हा मुद्दाम जाऊन बघितलं. थेंब गळत नव्हता. फरश्या परत बसवल्या.

"आठ दिवसांनी येतो," मी अप्पांना म्हणालो.

त्याच आठवड्यात मला हायवेवरच्या एका सहकारी सूतगिरणीच्या बांधकामावर काम लागलं. गिरणी उभी राहत होती, पाण्याच्या आणि वाफेच्या लाइनी टाकायच्या होत्या. खरं फिटरचं काम. तीन आठवडे म्हणून गेलो, अडीच महिने लागले. रोज सकाळी सायकलवरून अप्पांच्या फाटकावरूनच जात होतो. आठ दिवस झाले, पंधरा झाले. अप्पांनी बोलावलं नाही, मी गेलो नाही.

तीनेक आठवड्यांनी एका सकाळी फाटकात एका बाईनं मला थांबवलं. शेवटच्या खोलीतली मंगल. तिचा नवरा बालाजी खरेदी-विक्री संघात कारकून होता. दोघं लोहाऱ्याकडची, लग्नाला दोन वर्षं झालेली. मंगलला सातवा महिना होता.

"मिस्त्री, एक विचारू का?"

"विचारा की ताई."

"नळाला पाणी येतं तवा पयल्यांदा वास येतो. जरा वेळानं जातो. कशाचा वो?"

मी सायकलवरून उतरलोसुद्धा नाही. एक पाय जमिनीवर टेकवला होता.

"नवीन रबर घातलंय ना. त्याचा वास. जाईल हळूहळू."

"व्हय का?" ती हसली. "माझंच काई असंल म्हणलं. मला आजकाल सगळ्याचाच वास येतो."

ती आत गेली आणि मी पायडल मारलं. गिरणीवर फोरमन वाट बघत होता. पण रबराचा वास तीन आठवडे टिकत नाही, आणि सुरुवातीला येऊन मग जात तर मुळीच नाही. हे मला तिथं फाटकातच माहीत होतं. रविवारी बघू, असं मनाशी म्हणालो. रविवारी खरंच गेलो. अप्पा लग्नाला गुलबर्ग्याला गेलेले होते. घरात सुनेला निरोप सांगितला, "लाइनीचं बघायचंय म्हणावं," आणि परत आलो. फरशी उचलून बघायला अप्पा लागत नव्हते. पाणी उकळून प्या, एवढं तरी मंगलला सांगता आलं असतं. तेही सांगितलं नाही.

पाइपाचा एक गुण इथं समजावून सांगायला हवा. नळाला चोवीस तास पाणी असलं की पाइप आतून फुगलेला असतो. भोक असलं तर पाणी बाहेर येतं, बाहेरचं आत जात नाही. पण पाणी तासाभरासाठी येऊन बंद होतं, तेव्हा लाइन उताराकडं रिकामी होत जाते. रिकामी होताना ती ओढते. वरचे नळ सगळे बंद असतील तर जिथं भोक आहे तिथून ओढते. भोकाबाहेर हवा असली तर हवा ओढते, गटार असलं तर गटार. जे आत आलं ते पाइपात पाच दिवस पडून राहतं. पुढच्या पाळीला पाणी सुटलं की सगळ्यात आधी तेच नळाला येतं.

माझी पट्टी घाणीत कुजली होती. तार सैल पडली होती. फरशीखाली काही दिसत नव्हतं.

वैशाखात मंगल आजारी पडली. अन्न नको, उलट्या. दिवस गेलेल्या बाईला होतं तसं होत असेल, म्हणून आठ दिवस गेले. मग डोळे पिवळे झाले. कावीळ. तेव्हा काविळीला दवाखान्यात कुणी जात नसे. बालाजीनं तिला एका खेड्यात मुळी देणाऱ्याकडं नेलं. त्यानं गळ्यात माळ घातली आणि पथ्य सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती असंबद्ध बोलायला लागली. जीप करून सोलापूरला नेली. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की गरोदर बाईला ही कावीळ फार वाईट. दोन दिवसांनी ती गेली. मूलही पोटातच गेलं.

मला गिरणीवर चहाच्या टपरीवर कळलं. कुणीतरी सहज बोललं, अप्पांच्या आवारातली ती लोहाऱ्याची पोरगी गेली म्हणून. माझ्या मनात तेव्हा काही आलं नाही, असं म्हणालो तर खोटं होईल. मी चहा तसाच ठेवला आणि कामावर गेलो. थ्रेड पाडत राहिलो.

त्यानंतर आठवड्यानं सरकारी दवाखान्यातल्या शांता सिस्टर मला शोधत गिरणीवर आल्या. चाळिशीच्या, उंच, कमी बोलणाऱ्या बाई. हातात वही होती.

"त्या आवारातलं नळाचं काम तुम्हीच केलं ना?"

"व्हय."

"सहा घरांत पाच माणसं पिवळी झालीत. एक गेली. बाकीच्या गल्लीत एकही नाही. त्या आवारात काय आहे, ते मला सांगा."

मी फोरमनला न विचारताच त्यांच्याबरोबर निघालो.

आवारात बायका ओट्यावर बसलेल्या होत्या. अप्पा बाहेर आले. सिस्टरनी वही उघडली आणि बायकांना विचारलं, "पाणी कोण आधी भरतं? क्रम काय तुमचा?"

मग दुसऱ्या खोलीतल्या गुरुजींच्या बायकोनं सांगितलं. त्या काकूंचे स्वतःचेही डोळे पिवळे होते.

"पहिला नंबर मंगलचाच. आम्हीच दिला होता तिला. पोटुशी बाई, उन्हात कशाला ताटकळायची, म्हणून."

"पहिलं पाणी ओतून देत होतात का?"

"ह्या दुष्काळात पाणी ओतून कोण देतंय, सिस्टर?"

मी खाली बघत होतो. सिस्टरनी माझ्याकडं बघितलं. त्यांना पाइपाचं काही माहीत नव्हतं, पण माझ्या चेहऱ्यावरून त्यांना पुरेसं कळलं असावं.

अप्पा मात्र ऐकायला तयार नव्हते. "कावीळ उन्हानं होती. माझा नळ चांगला हाय. मिस्त्रीनंच दुरुस्त केलाय, विचारा त्याला."

त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्याच दिवशी पाण्याची पाळी होती. सिस्टरनी बायकांना बजावलं की हे पाणी कुणी तोंडाला लावायचं नाही, प्यायचं पाणी शेजारच्या वाड्यातून आणायचं. पाणी येऊन गेलं. मी नळाखाली बसलो. पाणी थांबल्यावर तोटीच्या तोंडावर तळहात ठेवला. तोटीनं तळहाताची कातडी आत ओढली. अप्पांचा हात धरून त्यांनाही तिथं ठेवायला लावला. त्यांनी हात काढून घेतला. मी तोटी बंद केली. मग बायकांकडून कपड्याची नीळ मागून घेतली, बादलीत दाट कालवली आणि फरशी उचलून गटारात फटीच्या जागेवर ओतली. सोलापूरच्या फिटरनं शिकवलेली ही जुनी युक्ती. बोलून पटत नाही ते रंगानं पटतं.

ते पाच दिवस मी गिरणीवर गेलो नाही. तब्येत बरी नाही म्हणून कळवलं.

पाचव्या दिवशी सकाळी सगळं आवार नळाभोवती उभं होतं. सिस्टर आल्या होत्या. आधी तोटीतून हवा फुसफुसली. मग पाणी आलं. पांढऱ्या बादलीत ते फिकट निळं दिसलं. मग जरा गडद. अर्ध्या बादलीनंतर हळूहळू स्वच्छ होत गेलं. दुसरी बादली अगदी नितळ होती.

काकूंनी तोंडावर पदर धरला. "आम्हीच दिला पहिला नंबर," एवढंच त्या म्हणत राहिल्या. सिस्टरनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. दुसरं करण्यासारखं तिथं काहीच नव्हतं.

अप्पा बादलीजवळ उकिडवे बसले. बराच वेळ बसले. सत्तरीचा माणूस, त्यांना उठायला हात द्यावा लागला. उठल्यावर सगळ्यांसमोर म्हणाले, "माझ्या आवारात झालं. मिस्त्री तवाच म्हणला होता लाइन बदलू. म्याच पुढं ढकललं. माझं पाप हाय."

मी शेजारीच उभा होतो. पहारेचं तेव्हा सांगायला हवं होतं. फाटकातल्या वासाचंही. सांगितलं नाही. अप्पांनी ते सगळं स्वतःवर घेतलं आणि मी घेऊ दिलं.

लाइन दोन दिवसांत बदलली. भिंतीच्या कडेनं, जमिनीपासून हातभर वर, नवा पाइप, गटारापासून लांब. जुनी लाइन रस्त्याशीच प्लग मारून बंद केली. गटारातला सगळा गाळ मी या वेळी हातानं काढला, पाटी पाटी भरून. बाकीची चार माणसं महिन्या-दीड महिन्यात बरी झाली. दोन बिऱ्हाडं सोडून गेली. गावात लोक अप्पांना नावं ठेवायला लागले. बाजारात ते दिसेनासे झाले.

बालाजी दिवस करून लोहाऱ्याहून परत आला होता. खोली सोडायची म्हणत होता, पण संघात कामावर जात होता. मी एका दुपारी तिथं गेलो. ऑफिसात खताच्या पोत्यांचा वास होता. तो टेबलाशी पावत्या लावत होता. मला बघून उठला आणि बाहेरच्या व्हरांड्यात आला. तिथं दोन शेतकरी भिंतीला टेकून बसले होते. ते आत जाईपर्यंत मी थांबलो.

मी सांगितलं. पहार माझी होती, अप्पांना मी ते बोललो नव्हतो, आठ दिवसांनी येतो म्हणून आलो नाही. एवढं क्रमानं सांगितलं. तो भिंतीकडं बघत ऐकत होता.

"पहार कुणाची बी लागती, मिस्त्री," तो म्हणाला. "गटारात पाइप हाय, हे तुमाला काय म्हाईत."

मला वाटलं, झालं. मोकळा झालो. मी निघणार तेवढ्यात त्यानं विचारलं, "पण तिनं वासाचं विचारलं होतं ना तुमाला?"

"व्हय."

"घरी येऊन म्हणली मला. मिस्त्री म्हणले रबराचा वास हाय. मला बी तो वास आला होता. पर तुमी म्हणला म्हणल्यावर आमी काय बोलणार? आमी पीत ऱ्हायलो."

त्यानं भिंतीवरची नजर माझ्याकडं वळवली.

"तवा तुमाला म्हाईत होतं का? रबराचा न्हाय म्हणून?"

मी "न्हाय" म्हणू शकलो असतो. त्याला कधीच कळलं नसतं.

"व्हय," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. रागावला नाही, ओरडला नाही. व्हरांड्याच्या कडेला थुंकला आणि म्हणाला, "जावा मग तुमी." तो आत गेला आणि पावत्या लावायला बसला. महिनाअखेरीला त्यानं बदली मागून घेतली आणि लोहाऱ्याला गेला. त्यानंतर तो मला भेटला नाही. बसस्टँडवर एकदा लांबून दिसला होता. मी गाडीत चढलो.

मी अप्पांकडंही गेलो आणि त्यांनाही पहारेचं सांगितलं. ते म्हणाले, "आता सांगून काय उपेग, तम्मा?" त्यांनी आयुष्यात मला पहिल्यांदाच 'तम्मा' म्हटलं होतं. त्यांच्या घरात धाकट्या भावाला तसं म्हणत. मला ते ऐकवलं नाही. पुढच्या वर्षी ते वारले. गावानं शेवटपर्यंत त्यांनाच दोषी धरलं. मी एक-दोघांपाशी खरं बोललो, पण एकदा ठरलेली गोष्ट गाव बदलत नाही.

सूतगिरणीचं काम पुरं झालं. तिथल्या लाइनी मी टाकलेल्या, पुढं कैक वर्षं गळल्या नाहीत. त्याचं कौतुक झालं.

त्यानंतर पस्तीस वर्षं मी हेच काम केलं. नियम दोन-तीनच ठेवले. गटारातून किंवा गटाराशेजारून पाण्याची लाइन दिसली, की आधी कॉक बंद आणि मग मालकाशी बोलणं. पाणी हुकलं तर हुकलं. त्यापायी गिऱ्हाइकं चिडली, काही तुटली. ट्यूबची पट्टी मी पाण्याच्या लाइनीला परत बांधली नाही. आणि गटारात पहार घातली नाही. वेळ लागतो, हात बरबटतात, ते धुऊन निघतात.

तुमच्या भाड्याच्या घरात पाणी ठरावीक वेळीच येत असेल आणि सुरुवातीच्या पाण्याला वास किंवा रंग असेल, तर ते पिऊ नका, ओतून देऊन मोकळेही होऊ नका. मालकाची वाट न बघता नळ बंद करून फिटर बोलवा. आणि फिटर फरशी उचलायच्या आधीच कारण सांगायला लागला, तर दुसरा फिटर बघा.